गाठ डोक्यात, मग तपासणी डोळ्याच्या पडद्याची कशाला?

प्रश्न : माझ्या वहिनींचं वय ४२. वर्षभर त्यांचं डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. पाळी अनियमित झाली, ते वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं. गेल्या महिन्यात जळगावला एमआरआय केला, तेव्हा मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीत २२ मिलिमीटरची गाठ निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. वहिनींनी दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचली. तरीही डॉक्टरांनी फील्ड टेस्ट, ओसीटी आणि ओसीटी अँजिओग्राफी लिहून दिली. म्हणाले, पडद्यातला रक्तप्रवाह बघू. गाठ डोक्यात आहे, नजर चांगली आहे, मग पडद्याच्या रक्तवाहिन्या तपासून काय कळणार? आणि ही शेवटची तपासणी आमच्या भागात झाली नाही तर त्यासाठी मुंबईला जावं का?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे. केवळ ओसीटी अँजिओग्राफीसाठी मुंबई गाठायची गरज नाही. फील्ड टेस्ट मात्र याच आठवड्यात करून घ्या आणि जोडीला साधी ओसीटीही. वहिनींवर कोणता उपचार करायचा आणि किती घाई करायची, हे ठरवायला डॉक्टरांना एमआरआय, रक्तातल्या हार्मोन्सचे आकडे आणि या दोन तपासण्या लागतात. अँजिओग्राफी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली म्हणून उपचार अडत नाही.

आता तुमच्या मूळ शंकेकडे वळू. ती फार चांगली शंका आहे. गाठ आणि डोळ्याचा पडदा यांच्यात बरंच अंतर आहे, आणि पडद्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीला ही गाठ सहसा दाबतही नाही. तरीही पडद्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या विरळ होतात. हे कसं घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

पिट्युटरी ग्रंथी नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडातल्या खोलगट जागेत बसलेली असते. आकार जेमतेम सेंटिमीटरभर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तिच्यापासून साधारण एक सेंटिमीटर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात. या जागेला ऑप्टिक कायझम म्हणतात. एकेका नसेत दहा ते बारा लाख तंतू असतात. पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातून निघालेले तंतू इथे बाजू बदलतात, कानाकडच्या अर्ध्या भागातले आपापल्या बाजूला राहतात. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे नाकाकडचा पडदा बाहेरचं, म्हणजे कानाच्या बाजूचं दृश्य टिपतो. खालून वर सरकणारी गाठ नेमकी बाजू बदलणाऱ्या तंतूंवर येते आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची नजर हळूहळू जाऊ लागते. दाब खालून येत असल्यामुळे सुरुवात बहुतेक वेळा बाहेरच्या वरच्या कोपऱ्यातून होते.

१० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ साधारणपणे कायझमपर्यंत पोचत नाही. वहिनींची २२ मिलिमीटरची गाठ पोचू शकते. पोचली आहे की नाही, हे एमआरआयच्या चित्रात दिसतं. नसेला काही इजा झाली आहे का, हे मात्र डोळ्याच्या तपासणीतूनच कळतं.

शेवटची ओळ वाचता आली म्हणून डोळे ठीक, हा समज कित्येक घरांत असतो. तक्ता फक्त मधोमधची नजर तपासतो. मधल्या नजरेचे जवळजवळ निम्मे तंतू बाजू न बदलता मेंदूकडे जातात, ते शाबूत असतील तर माणूस ६/६ वाचतो आणि तरीही दोन्ही बाजूंनी आंधळा होत चाललेला असू शकतो. त्याला स्वतःला ते कळत नाही, कारण आपण मान फिरवून बघतो आणि मेंदू रिकामी जागा भरून काढतो. कळतं ते इतरांना. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर वळताना बाजूनं येणारी दुचाकी एकदम पुढ्यात उगवते. वाचताना ओळ सुटते, सुईत दोरा ओवणं अवघड होतं. वहिनींच्या बाबतीत यातलं काही घडलं आहे का, हे त्यांना विचारण्यापेक्षा घरातल्या बाकीच्यांना विचारा.

फील्ड टेस्ट म्हणजे याच बाजूच्या नजरेची मोजणी. अंधाऱ्या खोलीत यंत्राच्या पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसायचं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं मधल्या खुणेकडे एकटक बघायचं आणि कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याला पाचेक मिनिटं लागतात. कंटाळवाणी तपासणी आहे, नजर मधल्या खुणेवरून हलली की निकाल बिघडतो, आणि पहिल्यांदा देताना बहुतेकांची थोडी चुकते. म्हणून ती सकाळी, पोटात काही असताना, झोप झालेली असताना द्यावी आणि पहिला रिपोर्ट खराब आला तर घाबरून न जाता पुन्हा द्यावी.

ओसीटीमध्ये रुग्णाला काही ओळखायचं नसतं. मंद प्रकाशाचा किरण पडद्यावर टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून पडद्याचे थर मोजले जातात, काही मायक्रॉनपर्यंतच्या बारकाव्यानं. हे तंत्र १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलं. पडद्यातला जो पेशींचा थर नसेचे तंतू तयार करतो, त्याला गँग्लियन पेशींचा थर म्हणतात. कायझमवर तंतू चिरडले गेले की इजा उलट दिशेनं, नसेतून मागे सरकत पडद्यापर्यंत येते आणि तिथल्या पेशी मरतात. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. ओसीटीच्या रंगीत नकाशात मग दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा फक्त नाकाकडचा अर्धा भाग पातळ झालेला दिसतो, आणि पातळ व जाड भागांमधली सीमा सरळ उभ्या रेषेत जाते. ही उभी रेषा ज्यानं एकदा नीट पाहिली, तो डॉक्टर ती विसरत नाही. कित्येकदा फील्ड टेस्ट अजून स्वच्छ असताना हा पातळपणा आधी दिसतो.

आता रक्तप्रवाह. पूर्वी पडद्याच्या रक्तवाहिन्या बघायच्या तर हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचून झटपट फोटो काढावे लागत. ही फ्लुरोसिन अँजिओग्राफी १९६० च्या सुमारास अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी उभी केली आणि ती आजही वापरात आहे. ओसीटी अँजिओग्राफीला सुई लागत नाही. यंत्र पडद्याच्या एकाच जागेची पुन्हा पुन्हा, सेकंदाच्या काही भागात, चित्रं घेतं. स्थिर ऊती प्रत्येक चित्रात तशीच येते. जिथे तांबड्या रक्तपेशी वाहत आहेत तिथे दोन चित्रांत फरक पडतो. यंत्र तेवढे फरक गोळा करतं आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या केशवाहिन्यांचं जाळं उमटतं. नसेच्या तोंडाभोवती या केशवाहिन्या तंतूंच्या वाटेनं, लांब आणि जवळजवळ समांतर धावतात. निरोगी डोळ्यात तिथे दाट रेघा दिसतात. कायझमवर बराच काळ दाब राहिलेल्या रुग्णात त्या रेघा विरळ होतात आणि मधे काळे पट्टे दिसू लागतात. पांढऱ्या रेघांनी किती टक्के जागा व्यापली आहे, हा आकडा रिपोर्टवर व्हेसल डेन्सिटी म्हणून छापून येतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे यंत्र रक्त वाहतं आहे की नाही ते दाखवतं, किती वेगानं वाहतं आहे ते मोजत नाही. ‘रक्तप्रवाह कमी आहे’ असं ऐकून घरचे लोक हृदयाच्या ब्लॉकेजची धास्ती घेतात आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या विचारतात. इथे तसं काही नसतं.

मग या वाहिन्या विरळ का होतात? पडद्याची धमनी डोळ्याच्या धमनीतून निघते आणि नसेतून पडद्यावर येते; कायझम त्यापासून बराच मागे आहे. गाठ तिथे नळी आवळत नाही. बहुतेक तज्ज्ञ जे कारण मानतात ते असं : पेशी आणि तंतू मेले की त्या जागेची प्राणवायूची गरज घटते, आणि गरज घटली की तिथल्या केशवाहिन्या आकसतात. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत एखाद्या ओळीतली झाडं काढून टाकली की त्या ओळीचं ठिबक बंद करतात, तसंच काहीसं. पाणी तुटलं म्हणून झाडं गेली नाहीत, झाडं गेली म्हणून पाणी बंद झालं.

पण हा क्रम दर वेळी असाच असतो का, यावर एकमत नाही. काही अभ्यासांत पडद्याची जाडी अजून शाबूत आणि फील्डही स्वच्छ असताना नसेभोवतीच्या केशवाहिन्यांची घनता थोडी कमी आढळली. त्यावरून असा विचार पुढे आला की तंतू अजून मेलेले नाहीत, पण त्यांचं काम मंदावलं आहे, तेव्हाच रक्तपुरवठा कमी होतो. असं असेल तर ही फार मोलाची वेळ आहे, कारण सुरुवातीच्या दाबात तंतूंमधला संदेश फक्त अडलेला असतो. दाब काढला की तो परत सुरू होतो, कधीकधी शस्त्रक्रियेनंतर काही तासांत किंवा दिवसांतच. दुसऱ्या अभ्यासांत मात्र वाहिन्यांची घट आणि थराचा पातळपणा हातात हात घालूनच आलेले दिसले, आधी काही दिसलं नाही. हे अभ्यास बहुतेक छोटे आहेत, त्यांतली यंत्रं वेगवेगळी आहेत. माझं मत विचाराल तर या तपासणीचा खरा उपयोग गाठ शोधण्यासाठी नाही. नस किती थकली आहे आणि किती परत येईल, याचा अंदाज बांधण्यासाठी आहे. त्यातही आज अधिक भरवशाचा निकष साध्या ओसीटीचाच : उपचाराआधी नसेच्या तंतूंचा थर जाड असेल तर नजर परत येण्याची आशा चांगली, तो आधीच पातळ झाला असेल तर आशा कमी.

अँजिओग्राफीचा आकडा बिघडवणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. डोळा हलला, मोतीबिंदू असला, डोळा कोरडा असला की चित्र धूसर येतं आणि आकडा खोटाच खाली जातो. मधुमेह आणि रक्तदाब पडद्याच्या केशवाहिन्यांना स्वतंत्रपणे इजा करतात. पिट्युटरीच्या काही गाठी वाढीचं हार्मोन किंवा कॉर्टिसॉल वाढवून हेच दोन आजार निर्माण करतात, त्यामुळे दोष गाठीच्या दाबाचा की साखरेचा, हे वेगळं काढणं कठीण होतं. एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी ताडता येत नाही. धुळ्यात एकदा आणि नाशकात एकदा करून दोन्ही कागद शेजारी ठेवले तर त्यातून फसवणूकच होईल.

वहिनींसाठी याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या पत्रात आली नाही : रक्तातलं प्रोलॅक्टिन तपासलं का? पाळी बिघडणं, बाळंतपण नसताना स्तनातून दूध येणं, ही प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीची लक्षणं आहेत. अशी गाठ असेल तर पहिला उपाय बहुधा शस्त्रक्रिया नसतो. कॅबरगोलिनसारख्या गोळ्यांनी ती आकसते आणि पुष्कळ जणांची नजर काही आठवड्यांत सुधारू लागते. आकडा जरासाच वाढलेला असेल तर अर्थ वेगळा निघू शकतो, म्हणून तो हार्मोनच्या डॉक्टरांनी, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टनी वाचायला हवा. सोबत कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि वाढीच्या हार्मोनच्या चाचण्याही होतात. हाताची अंगठी किंवा पायातली चप्पल अलीकडे घट्ट होऊ लागली असेल, तर तेही आवर्जून सांगा.

शस्त्रक्रिया लागलीच तर ती बहुतेक वेळा नाकातून, दुर्बिणीनं होते. कवटी उघडावी लागत नाही. नाकाच्या वाटेनं पिट्युटरीपर्यंत पोचण्याची ही कल्पना ऑस्ट्रियातल्या हर्मन श्लोफर यांनी १९०७ साली प्रत्यक्षात आणली. या गाठी बहुतांश कर्करोगाच्या नसतात, हेही घरात सगळ्यांना सांगा, कारण ‘ब्रेन ट्यूमर’ हे दोन शब्द ऐकूनच निम्मं घर खचतं. कवटीच्या आत होणाऱ्या एकूण गाठींपैकी १० ते १५ टक्के पिट्युटरीच्या असतात.

आपल्याकडचं मोठं दुखणं उशिराचं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ११८ रुग्णांच्या शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. तो सगळा महाकाय पिट्युटरी गाठींचा होता. चार सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या गाठीला महाकाय म्हणतात. म्हणजे वहिनींच्या गाठीच्या जवळपास दुप्पट आकाराच्या गाठी घेऊन माणसं केईएमच्या दारात येत होती. एवढी मोठी गाठ एका रात्रीत वाढत नाही. वर्षानुवर्षं चष्मा बदलत, डोकेदुखीच्या गोळ्या खात माणूस ती वागवत असतो. त्या वर्षांत एकदा जरी फील्ड टेस्ट झाली असती तर बऱ्याच जणांची नजर वाचली असती, असं मला ठामपणे वाटतं.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या पहिल्या आठांत आपला धुळे जिल्हा होता. मेंदूच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. डोळ्याच्या तपासण्यांसाठी धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा २०१८ साली सुरू झालेलं जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या नेत्रविभागात आधी विचारा.

आणि एक इशारा. एकाएकी असह्य डोकं दुखलं, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसू लागले, पापणी खाली पडली किंवा नजर झपाट्यानं गेली, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, अपॉइंटमेंटची तर मुळीच नाही. त्याच क्षणी न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि पोचल्याबरोबर पिट्युटरीची गाठ आहे असं सांगा.

प्रश्न : मला तीन वर्षांपासून काचबिंदूचे थेंब चालू आहेत. डोळ्याचं प्रेशर आधीपासूनच नॉर्मल येतं, तरी डॉक्टर म्हणतात नस वाळते आहे. मेंदूतल्या गाठीमुळेही असं होतं असं ऐकलं. मी एमआरआय करून घेऊ का?
— एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : बहुधा गरज नसेल. नॉर्मल प्रेशरचा काचबिंदू हा खरा आणि बऱ्यापैकी आढळणारा आजार आहे, त्यामुळे थेंब बंद करू नका. पण तुमची शंका डॉक्टरांसमोर जरूर मांडा, कारण या दोन आजारांची गल्लत होते.

फरक ओळखायच्या खुणा आहेत. काचबिंदूत नसेच्या तोंडाशी खड्डा वाढतो, उरलेली कड गुलाबी राहते. गाठीच्या दाबात खड्ड्यापेक्षा फिकटपणा जास्त असतो. काचबिंदूत फील्डमधलं नुकसान आडव्या मध्यरेषेला धरून वाढतं, गाठीत उभ्या मध्यरेषेला धरून. तुमच्या दोन्ही डोळ्यांचे फील्डचे कागद शेजारी शेजारी ठेवा. काळा भाग दोन्हींत बाहेरच्या बाजूला आणि मधल्या उभ्या रेषेपाशी थांबलेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वय पन्नासच्या आत असणं, रंग फिके दिसणं, एका डोळ्याची नजर झपाट्यानं घटणं, सोबत डोकेदुखी असणं, ही एमआरआय मागण्याची आणखी कारणं. रक्तवाहिन्या काचबिंदूतही विरळ होतात, म्हणून ओसीटी अँजिओग्राफीत वाहिन्या कमी दिसल्या एवढ्यावरून कोणताच निष्कर्ष काढू नका. कुठल्या बाजूच्या कमी झाल्या, ते बघावं लागतं.

घरी एक चाचणी करता येते. तेलाच्या बाटलीचं लाल झाकण घ्या. एक डोळा झाका, दुसऱ्यानं समोरच्या माणसाच्या नाकाकडे बघत राहा. त्यानं झाकण आधी तुमच्या नाकाच्या बाजूला आणि मग कानाच्या बाजूला, मध्यापासून सारख्याच अंतरावर धरावं. कानाच्या बाजूला तेच झाकण फिकं, तपकिरी किंवा राखाडी दिसलं, आणि मधली उभी रेषा ओलांडताच पुन्हा लालभडक झालं, तर ती खूण आहे. दुसऱ्या डोळ्यानंही बघा. ही चाचणी स्वच्छ आली म्हणजे सगळं ठीक असं मात्र समजू नका. ती फील्ड टेस्टची जागा घेत नाही.

दोन्ही वाचकांना आणि बाकीच्यांनाही एक विनंती. ओसीटी आणि फील्डचे मूळ कागद, एमआरआयची सीडी, सगळं एका फाइलमध्ये तारीखवार ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरकडे ती फाइल घेऊन जा. उपचाराआधीची एक ओसीटी आणि एक फील्ड टेस्ट हातात असू द्या, आणि तीन महिन्यांनी त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर ती पुन्हा करा. वर्षात दोनदा चष्मा बदलूनही नीट दिसत नसेल आणि डोकं दुखत असेल, तर तिसरा चष्मा घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फील्ड टेस्ट मागा.